सटव्याच्या दोरावरची मुंडकी

डोहावर दोर टाकायला निघालात ना, मग घडीभर बसा. शेकोटी चांगली धरलीय. ऐका, अन् मग जायचं तर जा. मी कुणाला आडवणार न्हाई.

सटवा भोयाला मी सोता बगितलेलं हाय. त्याच्या नावंत बसून कितींदा तरी ही आपली गंगा नदी उतरलोय. लई कमी बोलायचा माणूस. ही गोष्ट त्यानं उभ्या आयुष्यात एकदाच सांगितली. नाव मधल्या धारंला होती अन् नावंत आमी दोघंच होतो. वल्हं मांडीवर घेतलं, अन् बोलायला लागला.

तर सटवा एक दिवस गेवराईच्या बाजारला गेलता. काम इतकंच, नवे गळ अन् सुतळी आणायची. फसली तेराशे एकोणतीसचं साल, म्हंजी इंग्रजी एकोणीसशे एकोणीस. कार्तिकातला वद्य पक्ष चालू होता. मानमोडीला वरीस झालं होतं. मानमोडी म्हंजी तो ताप, आज अंग मोडून यायचं अन् तिसऱ्या दिवशी माणूस जायचं. सटव्याची बायको छबुबाई त्यात गेली. गावात इतकी मढी पडली की जाळायला लाकूड मिळंना, खांदा द्यायला धड माणसं न्हाईत. सटव्यानं एकट्यानं तिला घोंगडीत गुंडाळलं, नावंत घातलं, अन् ह्याच डोहाला दिलं. लेकरूबाळ न्हवतं. मग गावातलं घर त्याला नको झालं. काठावर खोपी घालून तितंच ऱ्हायला लागला. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, ते पण नावंतल्या माणसांशी.

बाजारातून आल्यावर त्यानं लांब दोराला हात-हात अंतरानं नवे गळ बांधले, गळाला बेंडकं लावली. दिवस बुडताना दोराचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसऱ्याला दगड बांधून डोहात सोडलं. पहाटं दोर वढला तर जड लागला. खूश झाला गडी.

वर आली ती सात मुंडकी. मरळीची. धड एकालाबी न्हाई.

सटव्याला त्यात नवल वाटलं न्हाई. डोहावर पाणमांजराची एक जोडी होतीच. गळाला आयता अडकलेला मासा दिसला की ते जनावर सोडत न्हाई. चिखलात त्याची पावलंबी उठली होती. सटव्यानं काठावर जाळ केला, रातभर डबा बडवला, पाण्यात बाभळीच्या काट्या टाकल्या. चार राती गेल्या. रोज मुंडकीच. इकायला मासा न्हाई अन् खायला बी न्हाई.

शेवटी त्यानं तारंचा फासा लावला. पाचव्या दिवशी पाणमांजर घावलं. मादी होती. सटव्यानं काठी घेतली.

"डोळं मिटून हानली," मला म्हणाला. "नर पल्याडच्या काठावरनं दिसभर शिट्टी मारल्यागत वरडत होता. सांजंला धारंला लागून खाली निघून गेला तो पुन्हा आला न्हाई. माज्यासारखंच केलं मी त्याला."

त्या रातीला दोर टाकला. पहाटं वढला.

सात मुंडकी.

अन् चिखलात एकबी पाऊल न्हाई.

सटवा ती मुंडकी घेऊन गावातल्या बंकट म्हाताऱ्याकडं गेला. बंकट जुना भोई, डोळ्यानं कमी दिसायचं. त्यानं एकेक मुंडकं हातात घेऊन कापलेल्या जागंवरनं अंगठा फिरवला.

"सटवा, दाताचा माग न्हाई ह्याला. इळतीवर कापल्यावाणी हाय."

"मग पाणमांजर न्हाई?"

"पाणमांजर मुंडकं आधी फोडतं. हे मुंडकं सोडून धड नेलंय. कालवणाला नेत्यात तसं." बंकटनं मुंडकी खाली ठेवली. "तू ते जनावर उगंच मारलंस."

सटवा उठून आला.

त्या दिवशी कार्तिक वद्य चतुर्दशी होती. दुसऱ्या दिवशी अवस. थंडी अशी की पाण्यावर वाफ. सटव्यानं दोराचं टोक बाभळीला बांधलं न्हाई, हाताला गुंडाळलं अन् काठावर बसला. जाळ केला न्हाई. डबा वाजवला न्हाई.

पहिली कोल्हेकुई झाली. मग तीबी बंद झाली.

मध्यरात झाली असंल. दोर हालला. मासा लागला की हिसका बसतो, भोयाच्या हाताला ते लगीच कळतं. हा हिसका न्हवता. दोर हळूहळू चालला होता. थांबायचा. पुन्हा चालायचा. कुणीतरी एका हातापुढं दुसरा हात टाकत वढत असावं, तसा.

सटव्यानं धरून ठेवला न्हाई. हातावरचा येढा काढून सैल सोडला.

डोहात काठापासून दहा हातावर एक खडक हाय. बगितलाय ना तुमी. त्या खडकावर... काळं काईतरी बसलेलं. पाठमोरं. पाणी निथळत होतं, त्याचा आवाज येत होता. टिप. टिप.

"कोन हाय?"

सटवा पुढं वाकला.

"कोन हाय तितं?"

टिप... टिप...

मग तिकडून एकच शब्द आला. लई बारीक.

"एक..."

इतकंच. सटव्याच्या हातातला दोर गळून पडला.

त्या 'एक'मागची गोष्ट त्यानं कुणाला सांगितली न्हवती. छबुबाई तापात होती त्या दिवशी दोराला सात मरळी लागल्या होत्या. कुणाचाच घास घशाखाली उतरत न्हवता तसल्या दिवसात तिनं सोताहून मागितलं. "अवं, एक ठिवा की. कालवण करा." पल्याड एका अंमलदाराचा तळ पडलता, तितनं मासे मागवले होते. सटवा भ्याला. सातीच्या सात घेऊन गेला. कुणी मोजून मागितले न्हवते. परत आला तवर दिवस बुडाला होता, अन् छबुबाई भिंतीकडं तोंड करून... गेलेली.

"मी जाग्यावरनं उठलो न्हाई," सटवा म्हणाला. "तिला हाक मारावी वाटली. मारली न्हाई. भ्यालो म्हणून न्हाई. काय म्हणून हाक मारू, ते सुचलं न्हाई."

झुंजुमुंजू झालं तवा खडक नुसता होता. ओला.

तो दिवस अवसचा. सटव्यानं दिसाच जाळं टाकलं. एकच मरळ आली, हातभर लांब. खोपीतली चूल पेटवली. सटव्याला कालवण धड येत न्हवतं, मीठ-तिखट अंदाजानंच घातलं. मुंडक्यासकट अख्खी मरळ गाडग्यात शिजवली. एक भाकर थापली, ती जाड झाली. मरळ अख्खीच ठेवली, मोडली न्हाई. दिवस बुडताना पोहत जाऊन गाडगं खडकावर ठेवलं, वर भाकर. झाकण न्हाई, काई न्हाई. परत आला अन् तोंडावर घोंगडी घेऊन पडला.

रातभर जागाच होता. पाण्याचा आवाज न्हाई. पाखराचा न्हाई. एवढी सामसूम त्यानं त्या डोहावर कवा ऐकली न्हवती. दोन डाव वाटलं, उठून बगावं. उठला न्हाई.

उजाडल्यावर गेला.

गाडगं होतं तितंच होतं. आत मरळ मधोमध मोडलेली. शेपटीकडचा भाग खाल्लेला, काटे एका कडंला नीट काढून ठेवलेले. मुंडक्याकडचा भाग तसाच, सटव्याला पुरंल इतकं कालवणबी ठेवलेलं. गाडग्याच्या तोंडावर अर्धी भाकर झाकलेली. अन् त्या भाकरीवर, कुत्र्यामांजरानं तोंड घालू नये म्हणून ठेवत्यात तसा, एक दगड. काळा, शेवाळलेला. डोहाच्या तळाला असतो तसला.