बोटानं की मशीननं

लिफ्टच्या दारात एक मशीन अडकलं होतं आणि मशीनमागे तो.

"जरा ओढता का?" त्यानं विचारलं. "चाक रुसलंय."

मी ओढलं. सोनोग्राफीचं ते छोटं मशीन घरंगळत बाहेर आलं, आणि मागोमाग तो... टोपी आणि मास्कच्या मधे नुसते हसरे डोळे. आमच्या भूल विभागात तो त्याच दिवशी रुजू झाला होता.

सरांनी आम्हा दोघांना एकाच अभ्यासाला जुंपलं. मोठ्या ऑपरेशनआधी मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालावी लागते. मग रक्तदाब ठोक्यागणिक पडद्यावर दिसतो. ती नळी बोटानं नाडी चाचपून घातलेली बरी, की मशीनवर धमनी बघून? चिठ्ठीत निघेल ती पद्धत त्या पेशंटला. बोटाचं काम माझं, मशीनचं त्याचं.

"न बघताच धमनी सापडते तुम्हाला?" तो म्हणाला. "मग माणसंही तशीच ओळखत असाल."

"माणसांना आधी मास्क काढावा लागतो," मी म्हणाले – आणि माझेच कान तापले.

दिवस तरंगत गेले. दिवे मंद करून तो पडद्याकडे बघायचा, तेव्हा निळसर उजेड त्याच्या पापण्यांवर उतरायचा... मी घड्याळाकडे बघतेय असं दाखवायची.

मग एक आजी आल्या, हृदयाच्या ऑपरेशनसाठी. नाडी लागेल न लागेल अशी. चिठ्ठी निघाली बोटाची. जागा बधिर करून मी सुई घातली – रक्त आलं नाही. पुन्हा घातली. आजींनी ओठ घट्ट दाबले. आणखी एकदा सुई उचलली आणि थांबले. हट्ट माझा, हात त्यांचा.

"मशीन... आणता?" बोलायला जड गेलं.

वाटलं, आता तोच नळी घालेल. पण त्यानं मनगटावर टेकवायचा मशीनचा प्रोब माझ्याच हातात दिला, आणि तो स्थिर राहावा म्हणून वर आपला हात ठेवला. हातमोज्यावर हातमोजा. करड्या पडद्यावर इवलंसं काळं वर्तुळ धडधडत होतं.

"तिथेच आहे," तो हळूच म्हणाला. "घाई नाही."

"तुम्हा दोघांचं ठरलं की मला सांगा," आजी पुटपुटल्या.

सुई अलगद शिरली. रक्त नळीत चढलं, आणि मी कितीतरी वेळानं श्वास सोडला.

आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. अभ्यासही संपला. मशीननं कमी वेळा टोचावं लागतं, असं निघालं. कँटीनच्या खिडकीशी आम्ही बसलो होतो. ऊन टेबलावर सांडलं होतं, चहा निवत होता.

"हरलात म्हणून गप्प?"

"संपलं म्हणून..." मी म्हणून गेले.

त्यानं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी सरांना म्हटलं होतं, अजून थोडे पेशंट घेऊ या."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, पेशंट पुरेत. तिला सरळ विचार."

मी मान खाली घातली. हसू काही केल्या लपेना.

"मग विचारा की."

"राहशील माझ्याबरोबर?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"हो," मी म्हणाले.