पाय मोडो तुमचा!

फ्रिज हुडहुडी भरल्यासारखा धडधडला, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या दिलफूजाने पुन्हा घड्याळ पाहिलं.

समोर झोकिर. कडक इस्त्रीचा शर्ट, कोरडे पडलेले ओठ. टेबलावर लॅपटॉप. थोड्याच वेळात त्या पडद्यावर स्कॉटलंडच्या एक बाई उगवणार होत्या आणि इंग्रजीतून त्याला सोलून काढणार होत्या. पास झाला तर दोन वर्षं तिकडे, पवनचक्क्यांवर मेकॅनिक. लहानपणापासून फिरत्या पात्यांचं वेड त्याला. नापास झाला तर इथेच, ताश्कंदमध्ये, लोकांचे एसी बसवत...

एसी बसवतानाच तर भेटला होता! वरच्या मजल्याचं काम करताना दोराला लोंबकळत बरोबर तिच्या खिडकीसमोर आला. आत ती रशियन बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मोबाइलवर इंग्रजी वाक्प्रचारांचा धडा रेकॉर्ड करत होती. "गिव्ह म्हणजे देणं. पण त्याला अप चिकटलं, की देणं राहतं बाजूला आणि होतं हार मानणं."

"असं का हो, बाई?" खिडकीबाहेरून आवाज.

"ते इंग्रजांनाही माहीत नाही! तुम्ही आधी दोर धरा!"

त्याने दोर धरला, आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीही.

"पाय मोडो तुमचा!" आता ती उसनं हसत म्हणाली. "इंग्रजीत अशी शुभेच्छा देतात."

"आणि आपण रशियनमध्ये परीक्षेआधी शिकाऱ्याला म्हणावं तसं म्हणतो, ना पीस मिळो ना लव. सगळीकडे दृष्ट लागायची भीती."

"मग त्यावर उत्तर द्या की. मसणात जा, म्हणायचं असतं."

"तुम्हाला? नाही जमायचं."

"अपशकुन होतो."

"होऊ दे," तो हळूच म्हणाला.

तिने पटकन नजर वळवली.

मुलाखत सुरू झाली. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ती ओट्याला टेकून उभी राहिली. पहिली उत्तरं झकास. मग पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, वारा वाढलाय, काम अर्धवट आहे, सोबतचा माणूस हार मानतोय, काय कराल?

घोटून घेतलेला प्रश्न! झोकिरने मान हलवली. मग... "सॉरी." पुढचा प्रश्न. पुन्हा "सॉरी." त्याची नजर पडद्यावर नव्हतीच. पडद्याच्या वरून ती दिलफूजाकडे लागली होती.

दिलफूजाला उमगलं. याला येतंय. सगळं येतंय. हा मुद्दाम पडतोय – माझ्यासाठी.

एक क्षण तिला वाटलं, पडू दे. जाणारी माणसं पाहिली होती तिने. तिच्या लेकीचा, ओयदिनचा बाप 'हंगाम संपला की येतो' म्हणत मॉस्कोला गेला आणि तिकडेच त्याने दुसरं घर मांडलं. पण असा पडलेला माणूस जवळ ठेवून करायचं काय? जन्मभर त्याच्या डोळ्यांत न फिरलेल्या पवनचक्क्या बघत बसायचं?

ती पावलं न वाजवता बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं.

तिथे पाच वर्षांची ओयदिन चित्र रंगवत होती. "आई, झोकिरकाका संपले?"

"श्श्... अजून चालू आहेत."

काचेपलीकडून त्याचा आवाज आला. आधी अडखळत, मग भरभर, इतका भरभर की दोरीवरचा टॉवेल ओढून तिने तोंडावर धरला.

थोड्या वेळाने दार उघडलं.

"का गेलात?"

"तुम्ही का पडत होतात?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. म्हणूनच गेले."

"घेतलं त्यांनी मला," तो म्हणाला. आनंदाची बातमी अशी सांगतं का कुणी?

"अभिनंदन."

"एवढंच?"

ती टॉवेलची घडी घालू लागली. तो आत वळला. टेबलावरच्या कापडाखालची नान उचलली आणि कडेचा एक घास तोडून खाल्ला.

"अहो, हे काय!" ती मागोमाग धावली. लांब जाणारा माणूस असा घास घेतो, उरलेली नान घरच्यांनी भिंतीवर टांगायची, परतल्यावर ती त्यानेच संपवायची. "हे तुमच्या आईच्या घरी करायचं!"

"तिनेच काल विचारलं, गेलास तर नान कुणाच्या भिंतीवर? मी विषय बदलला. तिने ओळखलं. म्हणाली, ज्या घरी परतायचं असेल तिथे."

"दोन वर्षांत दगड होईल तिचा..."

"दात भक्कम आहेत माझे." मग त्याचा आवाज उतरला. "दिलफूजा..." 'बाई' पहिल्यांदाच गळून पडलं होतं. "नको असेल, तर उरलेली आत्ताच खाऊन टाका."

तिने नान हातात घेतली. फ्रिजसुद्धा श्वास रोखून उभा होता. मग तिने गळ्यातला रुमाल सोडला, नान त्यात बांधली, स्टुलावर चढली आणि कॅलेंडर काढून त्या खिळ्याला गाठोडं अडकवलं. ती खाली उतरताना त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि खाली उतरल्यावरही सोडला नाही.

रंगाने माखलेली ओयदिन दारात येऊन उभी होती. "ती का टांगली?"

"मी परत येऊन खाणार ना, म्हणून," झोकिर म्हणाला.

ओयदिनने मान उंचावून ती भिंत पाहिली, मग पलीकडची, मग दारामागची.

"आई, मग बाबांची कुठे टांगलीय?"