नदीपलीकडची ती

क्योतोत कामो नदीच्या पुलाखाली ज्ञानदा पावसाची सर ओसरायची वाट बघत उभी होती, तेव्हा मागून कुणीतरी चक्क मराठीत पुटपुटलं, "थांब की रे बाबा, मान तेवढी राहिलीये..."

तिनं वळून पाहिलं. गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल घेऊन एक मुलगा बसला होता आणि समोर पाण्यात बगळा उभा होता. बगळा उडाला. मुलगा ओशाळून हसला. ते हसू ज्ञानदाला लॅबमध्ये दिवसभर आठवत राहिलं.

तो राजस, नाशिकचा. तिच्याच विद्यापीठात पीएचडी करत होता. चित्रं तीही काढायची, पण अलीकडे सुटलं होतं. मग ठरलं – रोज सकाळी लॅबला जायच्या आधी इथेच भेटायचं, एकेक चित्र काढायचं आणि एकमेकांना दाखवायचं. सायकली गवतावर आडव्या टाकून दोघं कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातली गरम कॉफी वाटून घेत. तो म्हणायचा, तुझं पाणी बघितलं की कागद ओला वाटतो. ती म्हणायची, तू बोलतोस फार, काढतोस कमी.

धुक्याचे दिवस आले. नदी ओलांडायला पाण्यात मोठमोठे दगड रांगेनं ठेवलेले होते. एका सकाळी राजसच्या चित्रात पलीकडच्या दगडावर एक बाई दिसली. राखी कोट, मोकळे केस, पाठमोरी.

"ही कोण?"

"तिथेच तर उभी आहे..."

ज्ञानदानं पाहिलं. दगड होते, धुकं होतं. बाई नव्हती.

तिला आधी चेष्टा वाटली. पण ती बाई रोज त्याच्या चित्रात येऊ लागली. रोज एक दगड अलीकडे, रोज थोडी वळलेली. राजसचं बोलणं आटलं. कॉफी हातातच निवायची. दुसरीकडे बसू या म्हणून ज्ञानदानं किती विनवलं. उद्या तिचा चेहरा दिसेल, एवढंच तो म्हणाला.

त्या रात्रीच्या पावसानं नदी फुगली. सकाळी उघडीप होती, पण दगडांवरून पाणी धावत होतं. राजसनं पेन्सिल खाली ठेवली आणि तो सरळ काठाकडे चालू लागला. ज्ञानदानं धावत जाऊन त्याची बाही धरली. तो थांबेना. त्याचा दुसरा हात पुढे ताणला गेला होता... कुणीतरी ओढत असल्यासारखा.

"राजस, मला ती दिसत नाही." तिनं बाही आणखी घट्ट धरली. "मला तू दिसतोस. या थंडीत मी नदीसाठी उठत नाही रे... तुझ्यासाठी उठते."

त्यानं मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच क्षणी पलीकडची ओढ सुटली आणि दोघं मागे गवतावर कोसळले.

त्याच्या पुढे ताणलेल्या हाताची बाही कोपरापर्यंत चिंब होती. पाण्यापर्यंत तो पोचलाही नव्हता.

मग त्यानं तिची गारठलेली बोटं हातात घेतली.

"मलाही सांगायचं होतं... पण काय ते विसरतच चाललो होतो."

"मग आता सांग."

त्यानं सांगितलं, अगदी हळू, तिच्या कानाशी. ज्ञानदाला रडू आलं आणि हसूही.

उद्यापासून स्टेशनवर बसायचं, गर्दीत, असं तिनं ठरवून टाकलं.

"आणि ती तिथेही आली तर?" त्यानं विचारलं.

ज्ञानदानं एकवार नदीकडे पाहिलं. "येऊ दे. मी हात सोडणार नाही."