केबल काढल्यानंतर

त्या ड्राइव्हच्या केबलला दोन तोंडं होती.

म्हणजे ड्राइव्हच्या बाजूला एकच, पण लॅपटॉपच्या बाजूला दोन. त्यातलं एक माहितीसाठी, दुसरं फक्त विजेसाठी. हे दुसरं लावलं नाही तर ड्राइव्हला वीज कमी पडते, डिस्क पुरेशा वेगाने फिरत नाही आणि आतून टकटक आवाज येतो. सोबतच्या कागदावर हे लिहिलेलं होतं. मी तो आधीच वाचला होता.

हे मुद्दाम सुरुवातीला सांगते आहे, कारण पुढचं वाचून बरेच जण मला हेच समजावतील.

मी दोन्ही तोंडं लावली होती.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही माझी सवय आहे. त्यामुळे विश्वास ठेवा असा आग्रह मी करणार नाही. पण जे लिहिते आहे ते घडलेलं आहे. रात्र नव्हती. वीजही गेलेली नव्हती. लख्ख दुपार होती, टेबलावर ऊन पडलं होतं आणि घरात माझ्याशिवाय आणखी दोन माणसं होती.

त्यातलं एक आजही विचारलं तर सांगेल.

बाबांच्या पोटात गाठ होती. इथले सर्जन म्हणाले होते, "वय झालंय, पण काढता येईल. काढली तर काही वर्षं नक्की मिळतील." दादा दुसऱ्या शहरात असतो. त्याने तिकडच्या एका मोठ्या सर्जनना गाठलं होतं. त्यांना आधी स्कॅन बघायचे होते. हॉस्पिटलने स्कॅन दिले होते डिस्कवर, आणि माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही.

म्हणून मी तो ड्राइव्ह आणला.

राहिला प्रश्न बाबांचा. ऑपरेशनचं विचारलं की ते म्हणायचे, "बघू."

बाबांचं सगळं आयुष्य 'बघू'वर चाललं. फ्रिज घ्यायचा? बघू. मुलीला पुढे शिकवायचं? बघू. 'बघू' म्हणजे आई काय ते ठरवेल.

आता ठरवायला आई नव्हती.

दिवसा बाबांना सांभाळायला एक मावशी येतात. त्या दुपारी मी ड्राइव्ह खोक्यातून काढत होते, तेव्हा त्या बाबांचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या.

"ताई, हे काय?"

"डिस्क वाचायचं यंत्र."

"एवढंसं? काळं नि चपटं. आमच्या ह्यांच्यासारखं दिसतंय. काम करतं का तरी?"

"करेल की."

"मग नाही ह्यांच्यासारखं."

मी हसले. त्या दिवसातलं ते माझं शेवटचं हसू.

बटण दाबलं. ट्रे बोटभर बाहेर आला. बाकीचा हाताने ओढायचा असतो. डिस्क मधल्या खुंटीवर ठेवून दाबली, खट् आवाज होईपर्यंत. ट्रे आत ढकलला. हिरवा दिवा लागला. डिस्क फिरू लागली, आवाज चढत गेला...

आणि एकदम थांबला.

टक. टक.

मग काहीच नाही.

स्क्रीनवर अक्षरं आली: ड्राइव्हमध्ये डिस्क नाही.

मी ट्रे उघडला. डिस्क होती. मऊ कापडाने पुसली, पुन्हा बसवली. केबल काढून दुसऱ्या जागी लावली. दिवा लागला, आवाज चढला, थांबला...

टक. टक.

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "कोण आहे?"

"कोणी नाही बाबा. यंत्र आहे."

पण मला वाटलं, ते श्वास रोखून ऐकतायत.

तेवढ्यात दादाचा फोन.

"पाठवलेस का?"

"वाचत नाहीये. टकटक करतंय."

"अगं, वीज कमी पडत असेल. दुसरं तोंड लाव. तू सायन्सवाली ना? आमच्या शास्त्रज्ञांना एक केबल लावता येईना!"

"दोन्ही लावली आहेत."

"मग नीट लाव."

मी नीट लावली. पण तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की हा आवाज विजेचा नाही. वीज कमी पडली की असले आवाज वेडेवाकडे येतात, कधी एक, कधी चार, कधी नुसती घरघर. हे दोनच होते. प्रत्येक वेळी दोनच. आणि नंतरची ती शांतता...

एखाद्या माणसाने उत्तर द्यावं आणि ते कळलं का म्हणून वाट बघावी, तशी.

असं उत्तर मी पूर्वी ऐकलं होतं.

आईलाही पोटाचंच झालं होतं. दोन ऑपरेशनं झाल्यावर तिच्या घशात नळी घातली. बोलता येईना. हातात पेन धरवेना. पण उजव्या हाताची बोटं थोडी हलायची, आणि बोटात अंगठी होती. मी तिला म्हटलं होतं, "आई, हो असेल तर पलंगाच्या कठड्यावर एकदा वाजव. नाही असेल तर दोनदा." तिला ते लगेच समजलं. पाणी हवं? टक. उशी उंच करू? टक. दिवा मालवू? टक, टक.

मग तिसऱ्या ऑपरेशनची गोष्ट निघाली.

मी दादासमोर तिला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि वाजवलं.

टक. टक.

"रिफ्लेक्स आहे तो," दादा म्हणाला. "ती शुद्धीवर कुठे आहे? लढायचं सोडून काय हे ठोके मोजतेस?"

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी जाऊन सांगितलं, आई नको म्हणते आहे. ते म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." डॉक्टरांनी कागद पुढे केला. ज्या माणसाने आयुष्यभर 'बघू' म्हटलं, त्याने तिथे मात्र ताबडतोब सही केली.

त्यानंतर आई बरेच दिवस मशीनवर होती. अंगठीचा आवाज येत राहिला. मी काहीही विचारलेलं नसताना. दोनदा, मग शांतता. दोनदा, मग शांतता. शेवटी नर्सने तिच्या हाताखाली घडी करून टॉवेल ठेवला. बाकीच्या पेशंटना त्रास होतो म्हणाली.

दादा अजूनही लोकांना सांगतो, आम्ही आईसाठी काहीच कमी केलं नाही. ते खरं आहे.

मी लॅपटॉप, ड्राइव्ह आणि डिस्क पिशवीत घातली आणि जिथून ड्राइव्ह आणला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मनातून मला हवं होतं की त्याने म्हणावं, खराब माल आहे, बदलून देतो.

दुकानदाराने माझाच लॅपटॉप उघडला. तोच ड्राइव्ह, तीच केबल, तीच डिस्क.

लगेच उघडली.

"बघा ताई, काय पळतोय! तुम्ही उगाच घाबरलात. नवीन वस्तू जरा लाजते." स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. मग स्क्रीनवर बाबांच्या पोटाचे काळे-पांढरे काप आले आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी सगळ्या फाइल्स लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या. काम झालं होतं. आता ड्राइव्हची गरजच नव्हती. केबल काढली, गुंडाळली आणि कुर्त्याच्या खिशात ठेवली. हे मला पक्कं आठवतं. घरी येईपर्यंत ती मांडीला टोचत होती.

बाबांच्या खोलीत गेले. पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली, लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगाशेजारी बसले. बाबांसाठी हॉस्पिटलसारखा पलंग आणला होता, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे असलेला. मावशी त्यांचे पाय चोळत होत्या. मी दादाला फोन लावून स्पीकरवर टाकलं. फाइल्स पाठवायला एक बटण दाबायचं होतं फक्त. पण या वेळी विचारल्याशिवाय मी ते दाबणार नव्हते.

"बाबा," दादा म्हणाला, "स्कॅन तयार आहेत. हे डॉक्टर साधे नाहीत. तुम्ही हो म्हणा, पुढचं मी बघतो."

बाबा छताकडे बघत होते. "बघू."

"बघू नाही बाबा. आज सांगा. करायचं ना ऑपरेशन?"



टक. टक.

मावशींचे हात थांबले. "ताई, तुमचं ते यंत्र."

आवाज दारामागून आला होता. पिशवीतून.

मी उठले नाही. मावशीच उठल्या. त्यांनी पिशवीतून ड्राइव्ह काढला आणि उलटासुलटा केला.

"ताई... याची वायर कुठाय?"

मी खिशातून केबल काढून दाखवली.

मावशींच्या हातातच तो पुन्हा वाजला. दिवा लागलेला नव्हता. त्यांनी तो माझ्या मांडीवर जवळजवळ टाकला आणि पदराला हात पुसले.

"केबल नीट लाव म्हटलं ना तुला," फोनमधून दादा चिडला. "इथपर्यंत ऐकू येतंय."

"केबल लावलेली नाही, दादा."

"म्हणजे?"

"माझ्या हातात आहे."



मी ड्राइव्ह उचलला, बाहेर नेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, दार लावून घेतलं आणि परत येऊन बाबांचा हात धरला. त्यांचा दुसरा हात त्यांच्याच छातीवर होता. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कोणीही पलंगाला हात लावलेला नव्हता.

मग ते आलं...

आता तो आवाज प्लास्टिकचा नव्हता. धातूवर धातूचा होता. बाबांच्या पलीकडच्या कठड्यावर, जिथे कोणी नव्हतं.

टक. टक.

मी हात लांब करून कठड्याला लावला. त्यावर सरळ ऊन पडलेलं होतं. तो बर्फासारखा गार होता आणि बारीक थरथरत होता.

"किती वेळा?" बाबांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"वाजलं किती वेळा? मला हल्ली नीट ऐकू येत नाही."

"दोनदा."

त्यांनी डोळे मिटले. "तेव्हाही दोनदाच वाजवायची."

मला काही क्षण कळलंच नाही ते काय बोलतायत. मग कळलं.

"तुम्ही तर बाहेर बसला होतात."

"दार उघडं होतं," बाबा म्हणाले.

मी त्यांचा हात सोडला. त्यांनीही तो पुन्हा पुढे केला नाही.

आज तो ड्राइव्ह एका कपाटात आहे आणि केबल दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. दादा या विषयावर बोलत नाही. मावशींनी त्यानंतर बाबांच्या खोलीत एकटं बसणं सोडलं. आणि मी अजूनही एकच गोष्ट ठरवू शकलेले नाही. सर्जन म्हणाले होते, काही वर्षं मिळतील. आईने जे सोसलं ते बाबांना सोसावं लागू नये म्हणून ते 'नाही' होतं? की ती वर्षं यांना मिळू नयेत म्हणून? तिच्या ठोक्यांत फक्त हो आणि नाही होतं. 'का' सांगायची सोय मी केलीच नव्हती.

बाबांना मात्र ते माहीत असावं असं त्या दुपारी मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, फोनकडेही नाही. पलीकडे, कठड्याच्या बाजूला, जिथे नुसतं ऊन होतं.

"ऐकू आलं गं," ते हळूच म्हणाले.

कठडा वाजला नाही.

"बाबा?" फोनमधून दादा विचारत होता. "बाबा, काय ठरलं? हो ना?"

मग बाबा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ऑपरेशन करायचं नाही."