शिडाच्या घडीतलं रक्त

होडी बंदराच्या धक्क्याला लागली तेव्हा फळ्यांवरचं रक्त अजून पुरतं वाळलं नव्हतं. होडीचा मालक उताणा पडला होता. कानाच्या मागे कवटी फुटून आत गेली होती. डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात ढीगभर प्रेतं पाहिली होती; ते जखम बघायला वाकले.

त्यांना आणि वकीलबाईंना बोलावलं होतं ते मालकाच्या वडिलांनी. "सुनेनंच घात केलाय," म्हातारा म्हणाला. "तेवढं सिद्ध करा."

धाकटा मुलगा मात्र ठाम होता. "शीड उभारून येत होतो. वारा फिरला, शिडाखालचा आडवा वासा गरकन वळला नि दादाच्या डोक्यात बसला. मग मीच शीड गुंडाळलं आणि इंजिनावर होडी आणली."

"मालकाच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे कसले?" बाईंनी विचारलं.

"दोरांचे, दुसरं काय?" डॉक्टरच बोलून गेले. त्यांना सगळं आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

खालची केबिन भर दुपारी भट्टीसारखी तापली होती. तरी मालकाची बायको गळ्याभोवती ओढणी घट्ट लपेटून बसली होती.

"मी झोपले होते. काही ऐकलं नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

रडून घसा बसलाय बिचारीचा, डॉक्टरांना वाटलं.

बाईंनी तिला वर आणलं आणि शीड उलगडायला लावलं. रक्ताचा पट्टा, मग कोरं कापड, पुन्हा पट्टा.

"उभारलेल्या शिडावर डाग सलग पडले असते," बाई म्हणाल्या. "हे फक्त घड्यांच्या बाहेरच्या अंगाला आहेत. म्हणजे रक्त उडालं तेव्हा शीड गुंडाळलेलंच होतं. वाऱ्याची गोष्ट खोटी. आणि ओरखडे नखांचे आहेत, डॉक्टर. गळा आवळला की माणूस आवळणाऱ्याची मनगटं ओरबाडतो. ताई, ओढणी काढा."

गळ्यावर दहा बोटं काळीनिळी उमटली होती.

"हिचे दोन्ही हात त्याच्या मनगटांवर. मग मागून घाव कोणी घातला? होडीवर तिसरा एकच माणूस होता."

धाकट्याने अखेर सांगून टाकलं. "तिचे डोळे पांढरे झाले होते. दादा सोडेचना. हाताला लोखंडी दांडा लागला, तोच हाणला. मग पाण्यात फेकला."

डॉक्टर म्हाताऱ्याला सावरायला पुढे झाले. त्याने त्यांचा हात झटकला.

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने मला असे वळ दाखवले होते," तो सुनेकडे न बघता म्हणाला. "मी म्हटलं, सांभाळून घे. वकीलबाई, पोलिसांना हेही सांगा."