आजीचे लोकरीचे जोडे

नव्या बुटांचा आवाज तुम्ही कधी नीट ऐकलाय का? आधी टाच पडते, मग चामडं कुरकुरतं. आमच्या घरात नवे बूट कुणाचेच नव्हते. तरी आजीला पुरून दोनेक आठवडे झाले असतील, एका संध्याकाळी मी गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आत आले, आणि तो आवाज मागच्या खोलीतून येत होता. खिडकीपासून चुलीपर्यंत. मग जरा थांबून चुलीपासून खिडकीपर्यंत. डावा पाय थोडा ओढत.

त्या डाव्या पायानेच मी तिला ओळखलं.

पारास्किवा आजी ब्याण्णव वर्षं जगली. मी जन्मले त्या रात्री आईची अवस्था बिकट झाली, तेव्हा कमरेएवढ्या बर्फातून डोंगर ओलांडून डॉक्टरला घेऊन आली ती आजीच. आई वाचली नाही, मी वाचले. आजीच्या डाव्या पायाची दोन बोटं त्या बर्फाने नेली. त्यानंतर तिने कडक बूट कधी घातला नाही. स्वतःच्या मेंढीची लोकर कातरून, गरम पाण्यात मळून, ती जाड जोडे शिवायची. चर्चमध्ये तेच, लग्नातही तेच. कुणी हसलं तर म्हणायची, "पाय माझे दुखतात, तुमचे नाही."

मला मात्र बूट घालायला लावायची. सकाळी शाळेला किंवा कुठे गावाला जायचं असलं, की आदल्या रात्री ती माझे बूट पलंगापाशी मांडून ठेवायची. टाचा पलंगाकडे, टोकं दाराकडे. जाग आली की पाय सरळ बुटात.

आमच्याकडे म्हाताऱ्या बायका आपली शेवटची तयारी आपणच करून ठेवतात. आजीच्या पेटीत पांढरा सदरा होता, काळा रुमाल, मेणबत्त्या, आणि सगळ्यांत वर लोकरीचे नवे जोडे. दर वसंतात ती ते कुंपणावर उन्हात घालायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रुखवत दाखवावं तसं दाखवायची. मला म्हणायची, "दोम्निका, मला बूट घालू नका हं. चांगलं चामडं मातीत कशाला? ते तू घाल."

पण माझा थोरला भाऊ सांदू बुखारेस्टहून काळे चकचकीत बूट घेऊन आला. "अख्ख्या गावासमोर तिला घरातल्या जोड्यांत न्यायची?" म्हणाला. "तुझा नि तिचा पाय एकाच मापाचा. घालून बघ बरं."

मी घातले. खिडकीपासून चुलीपर्यंत चालले. अगदी बरोबर बसले.

"तिला दुखतील रे," मी म्हटलं.

"आता काय दुखायचंय तिला!" असं म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मग ते काळे बूटच आजीच्या पायात गेले. जोडे घरी पेटीतच राहिले.

आणि आता रोज, दिवा लावायच्या वेळेला, ती चाल. खोलीत ओल्या लोकरीचा वास यायचा. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू... पण त्या आवाजाशिवाय घर फार मोठं वाटायचं. मी चुलीशी अक्रोड फोडत बसायचे.

"आजी... दुखतंय का गं?"

पावलं थांबायची. पेटीचं झाकण करकरायचं.

मेलेल्याला द्यायचं राहिलेलं, पुढे गावात जो मरेल त्याच्यासोबत पुरून आम्ही पाठवतो. मी जोडे काढून चुलीशी ठेवले. पाठवले, की तिचे पाय सुटणार होते. आणि मग ती येणार नव्हती.

शेजारचे इलारिएकाका दुधाला आले. नव्वदीचे, छातीत घरघर. त्यांनी जोडे पाहिले, मला पाहिलं.

"काय गं पोरी, एकदा जोड्यांकडे बघतेस, एकदा माझ्याकडे. घाई आहे का तुला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाजू नकोस. तिच्या लग्नात व्हायोलिन मी वाजवलं, आता जोडेही मीच वाहीन. माझ्या काखेत ठेव. पण निरोपबिरोप सांगू नकोस हं. जन्मभर तिने माझं एक ऐकलं नाही."

"काका, असं काय बोलता..."

"दूध दे. आणि ते जोडे जरा झटक. अंगावर कसरीचे किडे घेऊन नाही जाणार मी."

नाताळ झाल्यावर काका खुर्चीतच गेले. त्यांच्या लेकीला विचारून मी जोडे त्यांच्या काखेत ठेवले. हात काढून घ्यायला मला वेळ लागला.

त्या संध्याकाळी दिवा लावून बसले. मक्याची मामालिगा ताटात थिजून गेली. खिडकीपाशी काही नाही. चुलीपाशी काही नाही. लोकरीचा वाससुद्धा नाही. सुटली बिचारी, असं मोठ्याने म्हटलं आणि माझाच आवाज मला परका वाटला. दाराला आतून कडी घातली. रडत रडत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळे बूट माझ्या पलंगापाशी होते. कडी तशीच होती. बुटांना मातीचा कणही नव्हता, आणि डाव्या बुटात हात घातला तर आत ऊब होती. टाचा माझ्याकडे होत्या, टोकं दाराकडे.