निळ्या चिंधीचा काठ

दार ढकलून तो आत आला तेव्हा त्याच्या खांद्यांवरून अर्धं बर्फ, अर्धं पाणी निथळत होतं.

"बोट रद्द झाली," तो म्हणाला. "जरा टेकू का इथे?"

"समुद्राकडे बघितलं नव्हतंत का?" चिगुसाने मागावरून मान वर न करता विचारलं.

"बघितलं ना. मी त्याच बोटीवर इंजिन सांभाळतो."

शेगडीजवळच्या तोयो आजी खुदकन हसल्या. "बसा. पण इथे रिकाम्या हातांनी शेकायला मिळत नाही हो."

बंदराच्या टोकावरचं हे विणकामघर. जुने कपडे फाडायचे, त्यांच्या चिंध्या विणायच्या. नवख्याला मोठा माग मिळत नसे. सफरचंदाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा मिळे. वरच्या कडेला खाचा, खाचांतून दोन्ही बाजूंना उभे धागे. त्यांतून चिंधी गोल गोल फिरवत खालून वर जायचं, तोंड उघडं ठेवायचं. शेवटी पुठ्ठा वाकवून काढला, की हातात बटवा.

त्याचं नाव इत्सुकी. त्याने पिशवीतला स्वतःचाच जुना राखाडी सदरा फाडला.

"एक वर, एक खाली," चिगुसा म्हणाली. "तुम्ही दोन वर घेताय."

"इंजिनात चालतं असं."

"म्हणूनच बोट रद्द होते वाटतं."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत पुरुषाचं हसू घुमलं… आणि चिगुसाचा हात धाग्यात अडकला.

मग बोट अडली, की तो यायचा. पुढे पुढे बोट न अडताही.

"आज तर बोट सुटली," ती म्हणे.

"सुटली. मला न घेता."

विणताना आजी गुणगुणायच्या —

*उभ्या गं धाग्याला आडवा भेटतो,*
*भेटला म्हणून का घरी राहतो…*

एकदा त्याची नजर खुंटीवरच्या अंगरख्यावर गेली. गडद निळा, कोपराला विरलेला. "याची एक चिंधी मिळाली तर काय शोभेल…"

चिगुसा उठली आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेली. ते पाणी बराच वेळ उकळलं.

"सादाओचा आहे तो," आजी हलक्या आवाजात म्हणाल्या. "हिचं त्याच्याशी लग्न ठरलेलं. कोपर शिवून ठेव म्हणाला, नि कॉड मासे धरायला गेला. तिसरा हिवाळा हा. ना होडी आली, ना तो. न सापडलेल्या माणसाचं कापड आम्ही फाडत नाही, बाबा. फाडणं म्हणजे समुद्राला सांगणं, ठेव आता."

त्यानंतर इत्सुकीने खुंटीकडे पाहिलं नाही. चिगुसाकडे मात्र पाहिलं. तिला ते पाठीवरही कळायचं.

मार्च सरत आला. बर्फ काळं पडलं, धुकं उतरलं ते उठेचना.

"दक्षिणेच्या बंदरावर बदली झाली," त्याने सांगितलं. "उद्या निघायचं."

"आणि बटवा?"

"दोन बोटं विणायचा राहिलाय. सदरा संपला. तसाच नेतो."

"तोंडाला काठ नसला तर उसवतो तो," ती म्हणाली.

सकाळी तो निरोपाला आला. चिगुसाच्या मांडीवर निळा अंगरखा होता.

इत्सुकीने पटकन त्यावर हात ठेवला. "फाडू नका, चिगुसा-सान. तो आला तर… थंडी वाजेल त्याला."

तीन हिवाळ्यांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. विसर म्हणणारे होते, वाट बघ म्हणणारे होते. त्याच्या थंडीचा विचार करणारा हा एकटाच.

तिने त्याचा हात हलकेच बाजूला केला. कोपराच्या विरल्या जागी दोन्ही हातांची बोटं घातली. डोळे मिटले… आणि फाडलं. कोरडा, लांब आवाज झाला. आजींनी हातातलं सूत खाली ठेवलं आणि खिडकीपलीकडच्या समुद्राला हात जोडले.

चिगुसा विणत राहिली. एक वर, एक खाली. राखाडीवर निळा काठ चढला. मग तिने पुठ्ठा वाकवला. तो मोडला, तेव्हा कुठे बटवा सुटला.

बोटीचा भोंगा झाला.

"यात ठेवायला माझ्याकडे काही नाही," इत्सुकी म्हणाला.

"रिकामाच ने." ती पहिल्यांदाच एकेरीवर आली होती. "सफरचंदाला मोहोर आला, की भरायला मी येईन. रडून झाल्यावर. अजून… रडायचं राहिलंय माझं."

तो कमरेत वाकून निरोप घेऊन निघाला, आणि थोड्याच वेळात त्याची बोट धुक्यात दिसेनाशी झाली.

चिगुसा मोडका पुठ्ठा छातीशी धरून बसली. थोड्या वेळाने आजींनी उरलेला अंगरखा तिच्या खांद्यांवर टाकला. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदाच ती हुंदके देऊन रडली.